कादरभाई, त्याला मराठी मी शिकवलं

कादरभाई,

काल तुमचा चाळीसावा झाला. भाभींनी गोड भात केला होता. बारा माणसं जेवली, त्यांतली आठ तांड्यावरची. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बारा लई झाले मास्तर, भांडायला एक बस होतो." त्या एकाशी मला आज बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय. वादातून चिडून उठायची सवय माझी. तुम्ही जागचे हलायचा नाहीत. मी घरापर्यंत जाऊन परत आलो तरी तुम्ही तिथंच, त्याच वाक्याशी थांबलेले असायचा. या खेपेला मी थांबलोय आणि तुम्ही उठून गेलात.

आपली पहिली भेट मला लख्ख आठवते. मी वाशीमहून चालत आलो होतो. कनेरगावचा नाका म्हणजे तेव्हा मला रस्त्यावर आडवा बांधलेला एक बांबू वाटला. बांबूच्या पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, अलीकडे हैदराबादचं राज्य, आणि अलीकडच्या जकातीच्या खोलीत टेबलामागे मुन्शी म्हणून तुम्ही. माझ्याकडे पाटीवरच्या पेन्सिलींचं पुडकं होतं. तुम्ही पेन्सिली बाजूला ठेवल्या आणि ज्या कागदात त्या बांधल्या होत्या तो टेबलावर हातानं सपाट केला. वऱ्हाडातलं वर्तमानपत्र होतं ते. अलीकडे आणायला मनाई. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"यात काय लिहिलंय?" तुम्ही विचारलंत.

"पेन्सिली आहेत साहेब, शाळेसाठी."

"पेन्सिली मला दिसून राहिल्या. कागदात काय लिहिलंय ते इचारतो."

मी अडखळत वाचून दाखवलं. कापसाचा भाव, कुठल्याशा सभेची हकिगत, हरवलेल्या म्हशीची जाहिरात. म्हशीच्या जाहिरातीला तुम्ही पोट धरून हसलात. मग घडी करून कागद माझ्या हातात दिलात. "घेऊन जावा. पुढच्या बाजाराला दुसरा आणा. मला हे वाचायला शिकवायचं. तेवढीच जकात."

अशी माझी कनेरगावातली पहिली शाळा तुमच्या टेबलावर भरली. सहा महिन्यांत तुम्ही जोडाक्षरं वाचायला लागलात. मला तुम्ही उर्दू शिकवलंत. मारुतीच्या पारावर पोरांना शिकवायची परवानगी मागणारा अर्ज तुम्हीच लिहिलात, अशा उर्दूत की वरच्या साहेबाला नाही म्हणायला लाज वाटावी. गावात कुणी विचारलं की मास्तरची शाळा कुणी उभी केली, तर लोक मारुतीरायाकडे बोट दाखवतात. मी नाक्याकडे दाखवतो.

आणि मग वकील आला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. ते या तीन-चार वर्षांत भिंतींवर इतकं लिहून झालंय की आता कागदावर नको. हिंगोलीत वकिली करायचा. तरुण, देखणा, तोंडभरून हसणारा. आज सगळे म्हणतात, आम्ही त्याला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. खोटं आहे. पहिल्या दिवशी आपण त्याला खांद्यावर घेतलं होतं. नाक्यावरचे शिपाई प्रत्येक गाडीतून कापसाचा, तुपाचा वाटा काढायचे, तो त्यानं हैदराबादेपर्यंत तक्रार नेऊन बंद पाडला. तुमचेच शिपाई ते, पण तुम्ही खूश झालात. "इतकी वर्षं मी तोंडानं सांगत होतो, त्यानं कागदावर करून दाखवलं," असं म्हणालात. शेतकऱ्यांनी त्याची गाडीतून मिरवणूक काढली. बैलांच्या शिंगांना मीच गेरू लावला होता.

तो उतरायचा दौलतरावांकडे. तीन गावांच्या शिवारात जमीन, सरकी काढायचा कारखाना, दारात दोन घोडे. दौलतरावांनी एक दिवस मला बोलावून घेतलं. "मास्तर, वकीलसाहेबाला मराठी शिकायचंय. आपल्या लोकायशी आपल्या भाषेत बोलीन म्हणतो. शिकवा."

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! मोठा माणूस, राज्याची भाषा त्याच्या जिभेवर, आणि तो माझी भाषा मागत होता. दौलतरावांच्या ओसरीवर आठवड्यातून दोनदा शिकवणी सुरू झाली. शिकवणाऱ्याला हुशार विद्यार्थी मिळाला की त्याचे डोळे मिटतात. वकिलाला व्याकरण नको होतं. तो विचारायचा, बाई लेकराला रागावते तेव्हा काय म्हणते? शेतकरी बैलाला काय म्हणतो? शेजाऱ्याची खोड काढायची तर कोणती म्हण? मी ओंजळी भरभरून देत गेलो. तुम्हाला शिकवलेली बाराखडी तीच, आणि त्याला शिकवलेलीही तीच.

एके दिवशी त्यानं एक वाक्य लिहून आणलं. "जे लोक बैलावर राहतात त्यांना जमीन देणे चूक आहे." विषय सोमला नाईकाच्या तांड्याचा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशोदेशी हिंडायचे. आगगाडी आली, तो धंदा बसला, तेव्हा या लोकांनी ओढ्याकाठचं धोंड्याचं रान फोडून ज्वारी काढली. रान पिकायला लागल्यावर दौलतरावांना ते आपलं वाटायला लागलं होतं, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला फक्त वाक्य दिसलं. मी म्हणालो, "वकीलसाहेब, हे पुस्तकी झालं. लोकांच्या कानात बसलं पाहिजे." आणि मी दुरुस्त करून दिलं, "ज्यांचं गाव बैलाच्या पाठीवर, त्यांना जमीन काहून?"

बाजाराच्या दिवशी तो ते बोलला. असा हशा पिकला की पलीकडे वऱ्हाडातल्या गाड्या थांबल्या. मराठे हसले, माळी हसले, तुमच्या गल्लीतले हसले. मीही हसलो. खरं तर मी हसलो नाही, फुललो. माझं वाक्य होतं ते. भाजीच्या पालाशेजारी सोमला नाईक उभा होता. त्यानं पागोट्याचा शेव सारखा केला आणि बैल सोडून निघून गेला.

त्या संध्याकाळी तुम्ही नाक्यावर मला बसा म्हणाला नाहीत.

"काहून हसले, मास्तर?"

"अहो, गंमत केली त्यानं. भाषणात असं चालतं."

"नाईक हसला का?"

"नाही."

"मग गंमत कोनाची झाली?"

मी चिडलो. म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय? तो तुमचा माणूस आहे. तुमच्या धर्माचा, तुमच्या सरकारचा. मी त्याला चार शब्द शिकवले तर बिघडलं कुठं?"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "माझा असता तर मी त्याचा कान धरला असता. तो हसणाऱ्यायचा हाय. आज नाईकावर हसले, उद्या कोनावर हसायचं ते तो ठरवनार. तुमी न्हाई ठरवनार."

मी उठून गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही तसेच बसला होतात, पण त्या दिवशी मी माझं चुकलं असं म्हणालो नाही. शिकवणीही महिनाभर आणखी चालू ठेवली. तुमच्याजवळ कधी कबूल केलं नाही म्हणून आज लिहितो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. वकिलाला आता माझी गरज नव्हती, आणि हळूहळू हसवायचीही गरज उरली नाही. दौलतरावांच्या कारखान्याच्या आवारात खाकी कपड्यातली पोरं कवायत करायला लागली. काठ्या होत्या, मग भाले आले, मग बंदुका. ज्या शेतकऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं त्यांच्याच घरातलं धान्य ती पोरं उचलून नेऊ लागली, तेव्हा गावाला कळलं की हशा संपलाय. पण तेव्हा कुणाला बोलायची सोय राहिली नव्हती. बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसत नसे.

आपण दोघं मात्र बोलत होतो, दार लावून. माझं म्हणणं तेव्हा एकच असायचं. हे सगळं वरून आलंय. हैदराबादेत बसलेले बडे लोक गादी टिकवायला असली माणसं पाळतात. आपण कोण? एक पारावरचा मास्तर, एक नाक्यावरचा मुन्शी.

"झाड वरून खाली उगवतं का मास्तर?" तुम्ही म्हणायचा.

"पण पाणी वरून पडतं, कादरभाई."

"पडतं की. दगडावरबी पडतं. उगवतं कुटं ते बघा."

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी पलीकडे झेंडा लागला. बांबूपासून हाकेच्या अंतरावर. माझी शाळेतली पोरं नाक्यावर जमा झाली, नुसतं बघायला. खाकीवाला एक जण ओरडला, हटा म्हणाला. तुम्ही खोलीतून बाहेर आलात आणि शिपायाला म्हणालात, "बघू दे. बघायला जकात न्हाई."

आता गाड्यांचं. तुम्ही ते कधी लपवलं नाहीत, मीही लपवत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी दौलतरावांच्या कारखान्यासाठी म्हणून गाड्या यायला लागल्या. वर कापसाची पोती, खाली लांबट पेट्या. वरून निरोप आला होता की या गाड्या उघडायच्या नाहीत. तुम्ही पहिली गाडी अडवलीत. वकिलाची पोरं आली, भाले घेऊन नाक्यालगतच्या तुमच्या घराच्या दाराशी उभी राहिली, भाभींकडे बघून बोलली. त्यानंतर तुम्ही एकही गाडी उघडली नाहीत. बांबू वर केलात, गाडी गेली, बांबू खाली केलात. माझ्याजवळ येऊन म्हणालात, "आज मी बी हसलो, मास्तर." मला क्षणभर कळलंच नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय ते. मग कळलं, तुम्ही बाजारातल्या त्या हशाबद्दल बोलत होतात.

पण त्याच बांबूनं तुम्ही तांडा वाचवलात. दिवस उन्हाचा, दुपारची वेळ. कारखान्यावर चहा द्यायला गेलेल्या माणसानं ऐकलेलं तुमच्यापर्यंत आलं की संध्याकाळी तांडा पेटवणार आहेत. तुम्ही मला पाठवलंत. मी धावत गेलो. सोमला नाईक माझ्याकडे बघत राहिला. ज्या मास्तरच्या वाक्यावर बाजार हसला होता तोच मास्तर सांगत होता की पळा. तो म्हणाला, "तुमी सांगितलं असतं तर मी हललो नसतो. मुन्शीनं सांगितलं न्हवं? मग चला."

तासाभरात बाया, लेकरं, म्हातारे, बैल, शेळ्या नाक्यावर. परवाना एकाकडेही नाही. शिपाई घाबरला, म्हणाला, "मुन्शीजी, हे काय आहे?"

तुम्ही टेबलावरून उठलात, बांबू स्वतःच्या हातानं वर केलात आणि म्हणालात, "दिसत न्हाई का? वऱ्हाड हाय. वऱ्हाडात चाललंय."

बायांना ओझं डोक्यावर असतानाही हसू आलं. तसं हसू मी त्या चार वर्षांत दुसरं पाहिलं नाही. संध्याकाळी खोपटं जळाली. माणूस एकही जळाला नाही. दुसऱ्या दिवशी वकिलाच्या पोरांनी तुम्हाला नाक्यासमोर उघडं करून मारलं. कौमचा गद्दार म्हणाले. तुमची नोकरी गेली. ओढ्याकाठच्या रानात महिन्याभरात दौलतरावांचा नांगर चालला.

पावसाळा सरता सरता हिंदी फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सगळं उलटलं. वकील रातोरात नाहीसा झाला. खाकी कपडे विहिरीत सापडले. आणि दौलतराव पांढरी टोपी घालून रस्त्यावर उभे राहिले, फौजेच्या गाड्यांना हार घालायला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. टोपी इतकी नवी होती की घडी मोडली नव्हती.

मी तुम्हाला म्हणालो होतो, पलीकडे जा, सोमला नाईक ठेवून घेईल. तुमच्या गल्लीतली बहुतेक घरं रिकामी झाली होती, जी झाली नव्हती त्यांचं काय झालं ते लिहायला माझा हात वळत नाही. तुम्ही म्हणालात, "मी काहून जाऊ? मी काय केलं ते सांगायला कोनी तरी पायजेल इथं." आठव्या दिवशी फौजेनं तुम्हाला धरून हिंगोलीला नेलं. दौलतरावांनी यादी दिली होती. तिच्यात तुमचं नाव पहिलं, नाक्यावरून हत्यारं सोडणारा म्हणून. ज्याच्या आवारात हत्यारं उतरली त्याचं नाव यादीत कसं असेल? यादी त्याच्याच अक्षरात होती.

त्याच दिवशी दौलतराव माझ्या शाळेत आले. पारावर बसले. पोरांना खडीसाखर वाटली. "मास्तर, आता आपलं राज्य आलं. ही शाळा सरकारी करून घेऊ. पक्की इमारत बांधू. तुमी हेडमास्तर. मुन्शीच्या भानगडीत तेवढं पडू नका. दिवस वाईट आहेत, लोक भडकून आहेत. कोनाकोनाचं मी आवरू?"

मी हो म्हणालो नाही, कादरभाई. पण नाहीही म्हणालो नाही. घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शाळा भरवली. तिसऱ्या दिवशीही. मनाशी म्हणत होतो की गर्दी ओसरू दे, हिंगोलीतला साहेब स्थिर होऊ दे, मग जाऊ. भीती होती, ते खरं. पण नुसती भीती असती तर मी आज ती सांगून मोकळा झालो असतो. पक्की इमारत माझ्या डोळ्यांसमोर उभी राहत होती, खिडक्यांसकट. तुम्ही तिकडे कापसाच्या गोदामात दोनशे माणसांत बसला होता आणि मी इकडे खिडक्या मोजत होतो.

चौथ्या दिवशी सोमला नाईक बैलगाडी घेऊन दारात आला. "मुन्शी कुटं हाय?" मी सांगितलं. "आन् तुमी हितं काय करून राहिले?" मी गाडीत बसलो.

हिंगोलीचा साहेब नवा होता, थकलेला होता, पण कान देऊन ऐकणारा होता. नाईकानं तांड्याचं सांगितलं, मी मारहाणीचं. त्यानं चार ओळी लिहिल्या आणि तुम्हाला सोडलं. इतकं सोपं होतं ते. चार दिवसांपूर्वीही इतकंच सोपं असणार होतं. तुम्हाला आधार देऊन बाहेर आणलं तेव्हा अंगात ताप फणफणत होता. गोदामात जुलाबाची साथ होती.

परतीच्या गाडीत कडब्यावर तुम्ही आडवे होतात आणि ओठ सुकलेले असताना वाद उकरून काढलात.

"मास्तर, आता सगळे म्हनतील, वकील वाईट होता. तो पळाला म्हंजे झालं."

"वाईट होताच तो."

"व्हय. पन तो गेला, त्याची जागा हाय न्हवं का तशीच? रिकामी जागा जास्ती दिस ऱ्हात न्हाई. त्याला कोनी बसवलं ते न्हाई बघितलं, तर दुसरा बसंल."

"कोणी बसवलं, कादरभाई? सांगा एकदा."

"मी बसवलं. बांबू मी वर केला."

"तुमच्या दारात भाले होते."

"होते. तरीबी हात माझाच हाय."

मी म्हणालो, हे मला पटत नाही. ज्यानं पेट्या मागवल्या तो, ज्यानं त्या आवारात ठेवल्या तो आणि ज्याच्या बायकोसमोर भाला धरला तो, सगळे एका मापाचे कसे? तुम्ही हात हलवलात. "एक न्हाईत. पन ज्यानं त्यानं आपला हिस्सा उचलला, तरच मोठ्याचा हिस्सा उघडा पडतो. लहान लहान लपवून ठेवलं की त्याच्याखाली मोठा लपतो." मग तुम्हाला उलटी झाली. नाईकानं झाडाखाली गाडी उभी केली, पाणी पाजलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता विचाराल, मास्तर, इतके दिवस कुठं होता. तुम्ही विचारलं नाहीत. मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तुम्हाला खांदा द्यायला तुमच्या गल्लीतलं कुणी उरलं नव्हतं. तांड्यावरच्या माणसांनी आणि मी तुम्हाला नेलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी सभा झाली. गावासाठी शांतता कमिटी नेमायची होती, अध्यक्ष दौलतराव. ते चांगले बोलले. फौजेचं कौतुक केलं, जखमा भरून येतील म्हणाले. मग आवाज चढवून, तुमच्या गल्लीकडे हात करून म्हणाले, "ज्यायचं काळीज तिकडं, त्यायला इथली माती काहून?"

हशा पिकला.

कादरभाई, चाल तीच, ठेका तोच, काहूनवरचा थांबा तोच. माझंच वाक्य होतं ते. नुसते शब्द बदलून ते चार वर्षांनी दुसऱ्या तोंडातून बाहेर आलं होतं, आणि तेच लोक हसत होते. रिकामी जागा भरताना मी बघत होतो.

मी उभा राहिलो. कुणीतरी सदरा मागून ओढला. मी म्हणालो, "थांबा. हे वाक्य माझं आहे. वकिलाला मराठी मी शिकवलं. दौलतरावांच्या ओसरीवर बसून शिकवलं. तांड्याला हसायचं वाक्य मी घडवून दिलं, आणि तुम्ही हसलात, मीही हसलो. माझी चूक मी सांगितली. आता दौलतरावांनी सांगावं. पेट्या कुणाच्या आवारात उतरल्या? तांडा पेटवायला माणसं कुणाच्या कारखान्यातून निघाली? ओढ्याकाठच्या रानात आज कुणाचा नांगर आहे?"

एक ढेकूळ माझ्या खांद्यावर बसलं. "गद्दार!" कुणीतरी ओरडलं. तुम्हाला म्हणाले होते तोच शब्द, यावेळी दुसऱ्या धर्माच्या नावानं. दौलतराव हसून म्हणाले, "मास्तरचा दोस्त गेला, डोकं ठिकाणावर न्हाई." टाळ्या वाजल्या. कमिटी झाली, अध्यक्षही तेच झाले. मी काही जिंकून आलो असं तुम्हाला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी पोरं आली नाहीत. पक्क्या इमारतीचं नाव आता कुणी काढत नाही.

पण दोन दिवसांत एकेक करून सात माणसं माझ्याकडे आली. कारखान्यावर चहा देणारा आला. तुमचा तो घाबरलेला शिपाई आला. एक म्हातारा माळी आला, म्हणाला, "मी बी हसलो होतो. मह्यावालं नाव लिवा." पेट्या उचलणारे दोन हमाल आले. सोमला नाईक आणि त्याचा भाऊ तर होतेच. हिंगोलीच्या साहेबासमोर जाऊन जबानी द्यायचं ठरलं.

मला वाटतं, तुमचं अर्धं बरोबर होतं. लहान हिस्से बाहेर आले तेव्हाच मोठ्याचा हिस्सा दिसला. पण माझंही अर्धं बरोबर आहे, आणि ते मी सोडणार नाही. सगळेच दोषी म्हणून गळ्यात गळा घालून रडलं की कुणीच दोषी उरत नाही, आणि दौलतरावांना तेच हवंय. ते आता सभेत म्हणतात, चुका सगळ्यांच्याच झाल्या, विसरू या. तुमचा बांबू आणि त्यांचं आवार मी एका ओळीत लिहू देणार नाही. तुम्ही कबरीतून हात हलवलात तरी नाही.

एक गोष्ट मात्र उरली होती. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाभींकडे गेलो. त्या दळण निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगून टाकलं की मी चार दिवस गेलो नव्हतो. पहिल्या दिवशी गेलो असतो तर कदाचित ताप लागायच्या आधी ते सुटले असते. का गेलो नाही तेही सांगितलं, खिडक्यांसकट.

भाभींचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "माफी मागून राहिले का, मास्तर?"

"हो, भाभी."

"ती माझ्याकडं न्हाई. ज्यांची होती ते घेऊन गेले."

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी सुपातले खडे उचलून बाहेर फेकले. "उद्या हिंगोलीला किती जण चालले?"

"मी धरून आठ."

"नऊ करा."

मी म्हणालो, भाभी, तिथं सगळे पुरुष असतील, साहेब उलटसुलट विचारील, दौलतरावांची माणसंही बाहेर उभी असतील. त्या म्हणाल्या, "नाक्याकडची खिडकी कोनाची होती? ते टेबलावर बसायचे, मी खिडकीत. तिथून नाकाबी दिसायचा, कारखान्याचं फाटकबी. समदं मी बघितलं."

गेल्या सोमवारी आम्ही नऊ जण त्या थकलेल्या साहेबासमोर उभे राहिलो. बाहेर दौलतरावांचे चौघं होते, त्यांनी आमच्याकडे बघून ठेवलं. साहेबानं आधी माझी जबानी घेतली, मग नाईकाची, मग एकेकाची. शेवटी बुरखा सारखा करून भाभी पुढे झाल्या. साहेब म्हणाला, "बाई, तुमचं नाव?"

इतक्या वर्षांत ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला त्या भाभी होत्या, गावाला मुन्शीण.

"हमीदाबी," त्या म्हणाल्या. "नाक्याच्या कादर मुन्शीची बायको. पहिल्या गाडीपासून सांगते. कोन हाकत होतं, बराबर कोन होतं, पेटी किती लांब होती, फाटकात कोनी उतरवून घेतली, समदं सांगते. माझ्या मालकानं बांबू वर केला तेबी सांगते, आन् काहून केला तेबी. लिहा, साहेब."